आता उघडलंच आहे तर…

घराला पायऱ्या असतात, मोटरहोमला खड्डा असतो. चासी, पेट्रोलची टाकी, स्वच्छ पाण्याची टाकी, घाण पाण्याच्या दोन टाक्या आणि सामानाचे कप्पे एवढं सगळं पोटात घालून झालं की वरची जमीन रस्त्यापासून तीनेक फुटांवर जाऊन बसते. दार मात्र माणसाच्या आवाक्यात ठेवावं लागतं. मग कारखानदार पुढच्या काचेमागे, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी जमिनीला चौकोनी भोक पाडतो, त्यात दोन पायऱ्या बसवतो, खाली दार लावतो आणि मोकळा होतो. दाराबाहेर तिसरी पायरी असते, लोखंडी. ती 12 व्होल्टच्या मोटरवर चालते. दार उघडलं की बाहेर येते, मिटलं की पोटात जाते. प्रवासात शेजारच्या सीटवर बसणाऱ्याचे पाय खड्ड्यावर लोंबकळू नयेत म्हणून वरून एक फळी सरकते आणि तिचं बटण असतं ड्रायव्हरच्या हाताशी. म्हणजे खड्ड्यात बसून काम करणाऱ्या बायकोवर झाकण सरकवायची सोय थेट कारखान्यातूनच करून मिळते. आमच्याकडे ती वापरलीही गेली आहे. चुकून, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

आमचे पुण्यातले वर्गमित्र निवृत्तीनंतर मुळशीला फार्महाउस घेतात आणि तिथे पाणी नाही म्हणून पुण्यातच राहतात. आम्ही ओहायोचे. आम्ही 31 फुटी, 2004 सालची मोटरहोम घेतली आणि आमच्या सोसायटीच्या नियमात ती दारात उभी करता येत नाही म्हणून तिच्यासाठी तळ्याकाठच्या एका कॅम्पग्राउंडवर उन्हाळाभर जागा भाड्याने घेतली. गाडी गॅलनमागे 7-8 मैल देते. त्यामुळे ती उभी असते तेव्हाच आम्हाला प्रवासाचा खरा आनंद मिळतो.

गाडीचे आधीचे मालक अस्सल अमेरिकन, बुटासकट घरात वावरणारे. आणि अशा गिऱ्हाइकांसाठी कारखान्याने त्या खड्ड्यातल्या पायऱ्यांवर काय अंथरावं? गालिचा. तोही बदामी रंगाचा. चिखल, बर्फ, वाळू आणि कुत्रा यांचं पहिलं पाऊल जिथे पडणार, नेमकी तीच जागा मऊ, फिकट आणि धुता न येणारी. मोटरहोमचा आराखडा काढणारा माणूस स्वतः कधी मोटरहोममध्ये शिरत नसावा असा माझा जुना संशय आहे. तो खिडकीतून आत डोकावून नकाशा काढतो.

आमच्याकडे चपला दाराशी काढतात. आता साडेआठ फूट रुंदीच्या घरात (याहून रुंद गाडी इथल्या हमरस्त्यावर खास परवान्याशिवाय नेता येत नाही) ‘दाराशी’ म्हणजे कुठे? खड्ड्यात. तेच आमचं अंगण, तोच ओटा, तीच पडवी. छत्र्या तिथे, कचऱ्याची पिशवी तिथे, तळ्यावरून आल्यावर ओले टॉवेल तिथे. चालायचे बूट, कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात जायच्या रबरी स्लिपा, देवळात जायच्या वेगळ्या चपला, हेही दोघांचं तिथेच. अमेरिकन माणसाला हा खड्डा नुसता जाण्यायेण्याचा रस्ता वाटतो. आमच्याकडे त्या 24 इंच रुंद जागेत एक अख्खा वाडा भरलेला होता, आणि गालिच्याला त्याची कल्पना नव्हती.

तरी आम्ही चालवून घेतलं असतं. पण मिरजेहून नवऱ्याची आत्या आली.

आत्या प्राथमिक शाळेत हेडमास्तरीण होत्या. पंढरपूरला नामदेवांच्या पायरीवर पाऊल पडू नये म्हणून लुगडं सावरून उडी मारणारी ती पिढी. पायरी कुठलीही असो, बँकेची का असेना, चढण्याआधी वाकून तिला हात लावणार, तो हात कपाळाला लावणार आणि मग चढणार. मोटरहोमपाशीही त्यांनी तेच केलं. चपला बाहेर काढल्या, लोखंडी पायरीला नमस्कार केला, आत आल्या आणि खड्ड्याच्या तळाशीच थांबल्या.

“अगं, ही दबतेय.”

नवऱ्याने येऊन बुटाने दोनदा दणका दिला. “काही नाही गं आत्या. गालिचा आहे, मऊ लागणारच.”

“बूट काढ,” आत्या म्हणाल्या. “तुझ्या बुटाला काय कळतंय?”

बूट काढले, मोजेही काढले. आणि कॉलेज ऑफ इंजिनियरिंगच्या पदवीधराला डाव्या तळपायाच्या चवड्याखाली, दाराच्या बिजागरीकडच्या कोपऱ्यात, लाकूड अर्धा इंच खाली जाऊन परत वर येताना कळलं. वीस वर्षं बूट घालून चढणाऱ्यांपैकी कोणालाही ते कळलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आत्यांनी बाहेरच्या पायरीचाही निकाल लावला. इंजिन चालू असताना दार मिटलं की ही पायरी कुणाला न विचारता आत जाते. नाहीतर लोक पायरी बाहेर ठेवूनच निघतील आणि पहिल्याच पेट्रोलपंपावर ती खांबाला अर्पण करतील. आत्या पाण्याची बाटली आणायला खाली उतरल्या, शिस्तीप्रमाणे मागे दार लावलं, बाटली घेऊन वळल्या तर पायरी गायब. “पायाखालची वाळू सरकते ऐकलं होतं,” त्या शांतपणे म्हणाल्या, “पायरी सरकलेली पहिल्यांदाच पाहिली.” त्यानंतर त्या उतरायच्या आधी ड्रायव्हरला “बाळ्या, किल्ली काढून माझ्या हातात दे” असा हुकूम सोडायच्या.

गालिचा काढणं म्हणजे गालिचा काढणं नव्हे, स्टेपला काढणं. दर दोन बोटांवर एक स्टेपल, आणि जिथे कारखान्यातल्या माणसाला शंका आली असेल तिथे तीन. एक पाय स्क्रूड्रायव्हरने उचकटायचा, पकडीत धरायचा, मनगट फिरवायचं, की तो पाय बाहेर येतो आणि दुसरा तुटून लाकडातच राहतो. तो राहिलेला पाय आपल्याला दिसत नाही, बोटाला दिसतो. गालिच्याखाली फोम, फोममध्ये कुत्र्याचे केस, पाइनच्या सुया आणि लेगोचा एक निळा ठोकळा. फोमखाली प्लायवूड. म्हणजे एके काळी ते प्लायवूड होतं. आता त्याचे थर पुस्तकाची पानं उलटावीत तसे हाताने उलटता येत होते, शेवटची पानं काळी. नवऱ्याने कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आत्या खुर्चीतून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. हेडमास्तरणीला त्याची गरज पडत नाही.

कॅम्पग्राउंडचा एक अलिखित कायदा आहे. कुणी हत्यारांची पेटी उघडली की आजूबाजूचे निवृत्त पुरुष आपापली घडीची खुर्ची घेऊन जमतात. एक जन्मभर ट्रक चालवलेला, एक शाळेत गणित शिकवलेला, आणि एकाचा नेमका व्यवसाय काय होता ते कुणालाच माहीत नाही, पण त्याच्याकडे प्रत्येक मापाचा पाना असतो. हे लोक मदत करत नाहीत. ते बघतात, आणि दर थोड्या वेळाने एक जण म्हणतो, “आता उघडलंच आहे तर…”

हे वाक्य मी सदाशिव पेठेत लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या माहेरी मोरीची एक फरशी बदलायला गवंडी बोलावला होता. आता उघडलंच आहे तर पाइप बघू, पाइप काढलाच आहे तर भिंत घेऊ, असं करत करत दिवाळीला आमच्याकडे स्वयंपाकघर नव्हतं. तोच मंत्र ओहायोत, बेसबॉलच्या टोप्या घातलेल्या तोंडांतून, शुद्ध मिडवेस्टर्न हेलात. आता उघडलंच आहे तर तारा बघून घ्या (पायरीची, दारावरच्या दिव्याची आणि बॅटरी तोडायच्या बटणाची तार याच खड्ड्याच्या भिंतीतून जाते). तारा बघितल्याच आहेत तर खालचा पत्रा बघा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चाकांबरोबर उडून बरोबर पायरीच्या पोटाला लागतं. पत्रा घासलाच आहे तर मोटरच्या दांड्यांना ग्रीस द्या. एरवी मी नवऱ्याला नावाने हाक मारते. त्या संध्याकाळी, रात्रीचा स्वयंपाक खड्ड्यापलीकडे अडकलेला असताना, मी “अहो” म्हटलं आणि सभा बरखास्त झाली.

त्यातल्या गणिताच्या मास्तरांचा एक प्रश्न मात्र रास्त होता. पाणी आलं कुठून? पाण्याला गाडीत सगळ्यात सखल जागा हाच खड्डा, त्यामुळे कुठेही गळलं तरी हजेरी इथेच लागणार. नवरा बाहेरून नळी घेऊन, मी आत टॉर्च घेऊन. दाराच्या रबरावर पाणी मारलं, कोरडं. बाजूच्या खिडकीवर मारलं, कोरडं. मग त्याने पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यावर धार धरली आणि मी बघत राहिले. बराच वेळ काही नाही. मग डॅशबोर्डखाली, भिंतीच्या आतल्या बाजूने, एक थेंब तारेवरून चालत आला, तारेच्या वळणावर थांबला, फुगला आणि बिजागरीकडच्या त्याच कोपऱ्यात टपकला. सहा फूट वरून आलेला पाहुणा. पाण्याइतका पत्ता अचूक शोधणारा कुणी नाही. काचेच्या रबराखाली नवं सीलंट गेलं, आणि पुढच्या पावसात आम्ही दोघांनी खड्ड्यात उकिडवं बसून तो पाहुणा येतो का याची वाट बघितली. आला नाही. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आता पायऱ्या. तळाच्या पायरीपासून मधली 8 इंच, मधलीपासून वरची जमीन साडेसात इंच. नवऱ्याला हा अर्धा इंच झोपू देईना. अमेरिकेत घरबांधणीचा जो नमुना-नियम बहुतेक ठिकाणी आधाराला घेतात, त्यात पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच, आणि एकाच जिन्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत तीन अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. कारण सरळ आहे. पहिल्या पायरीवरून पाय पुढच्या पायरीचा अंदाज बांधतो, आणि जिना खोटं बोलला तर ठेच लागते. मोटरहोम गाडीत मोडते, तिला घराचा हा नियम लागू नाही. ती वाटेल तेवढं खोटं बोलू शकते. नवऱ्याने मग सतराव्या शतकातल्या ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाला बाहेर काढलं. दोन पायऱ्यांच्या उंच्या आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका ढांगेइतकी यावी, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण 63 सेंटिमीटर, असं त्याचं सूत्र. कागद भरले. तळाची पायरी हलत नव्हती, कारण तिच्याखाली पत्रा. वरची जमीन हलत नव्हती, कारण ती जमीन. मधली पाव इंच खाली घेतली तर दोन्हीकडे पावणेआठ. गालिचा आणि फोम गेल्यावर, वर व्हिनाइलच्या पातळ फळ्या लावल्या की ती आपोआप पाव इंच खाली येत होती. पण मग तळाचीही पाव इंच खाली येत होती. नवरा पेन्सिल चावत बसला.

“तळाला पायपुसणं घालणार ना?” आत्यांनी विचारलं.

पायपुसणं रबराचं, पाव इंच जाडीचं. ब्लोंदेलचे कागद शेगडी पेटवायला कामी आले.

सामानासाठी आम्ही इंडियानातल्या एल्कहार्टला गेलो. अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही, म्हणजे मोटरहोम आणि कॅराव्हॅन, त्या परिसरात बनतात, आणि कारखान्यांतून उरलेसुरले भाग विकणारी दुकानं तिथे गल्लोगल्ली आहेत: दारं, नळ, कड्या, कुठल्याशा बंद झालेल्या मॉडेलचे पडदे. आमच्या दृष्टीने जुना बाजार, फक्त प्रत्येक गोष्ट नवी. तिथली गंमत वेगळीच आहे. आसपास आमिश लोकांची मोठी वस्ती. हे लोक स्वतः मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीने जातात, आणि त्यांच्यातले कित्येक पुरुष मोटरहोमच्या आणि कॅराव्हॅनच्या कारखान्यांत काम करतात. एका दुकानाबाहेर बग्गी बांधून आत आलेल्या एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांना नवऱ्याने आमच्या खड्ड्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. “गोंद आणि स्क्रू,” ते म्हणाले. “स्टेपल नको.” मग जरा थांबून, “मी छपरं बसवायचो.” म्हणजे जबाबदारी खाली नाही, वर. हात झटकण्याची ही पद्धत सरकारी कचेरीतली वाटली आणि मला एकदम घरच्यासारखं झालं.

एल्कहार्टला आरव्हीचं संग्रहालयही आहे. तिथे मे वेस्ट या नटीसाठी पॅरामाउंट स्टुडिओने बनवून घेतलेली 1931 सालची शेवरोलेची हाउसकार ठेवली आहे. तिला मागच्या बाजूला चक्क छोटा व्हरांडा आहे. आत्या त्या व्हरांड्यापाशी आमच्यापेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. “हिला बघ ओटा होता,” त्या मला म्हणाल्या, “आणि तुम्हाला खड्डा.” नटीबद्दल त्यांनी बाकी काही विचारलं नाही.

मरीन प्लाय लावला, पाऊण इंची, गोंद आणि स्क्रू, शब्दाला जागून. खड्ड्यात एकही कोन काटकोनात नव्हता. प्रत्येक फळीचा आधी सीरियलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर साचा, मग कापणं, मग चुकलेला केसभर घासणं. व्हिनाइलच्या फळ्या स्वस्त मिळाल्या. पायरीच्या काठाला लावायच्या त्याच रंगाच्या नोझिंगच्या दोन पट्ट्यांनी फळ्यांच्या तोंडात मारतील एवढे पैसे घेतले. मधल्या पायरीच्या पोटात पोकळी होती, तिला नवऱ्याने बिजागऱ्यांचं झाकण करून दिलं. चपलांची पेटी. उंची 5 इंच. कोल्हापुरी आत जाते, रबरी स्लिपा जातात, देवळाच्या चपला जातात. नवऱ्याचे 11 नंबरचे स्नीकर जात नाहीत. पायऱ्यांना जन्मात पहिल्यांदाच आमचं वळण लागलं याचा मला आनंद झाला. स्नीकर गाडीखाली राहतात, कुत्र्याच्या दोरीशेजारी. आमच्याकडे कुत्रा नाही. दोरी गाडीबरोबर आली होती.

दिव्यांवरून मात्र वाजलं. नवऱ्याने आता उघडलंच आहे म्हणून काठाखाली एलईडीची पट्टी लावली. दार उघडलं की निळी, मधल्या पायरीवर पाय पडला की हिरवी, आणि रिमोटवर चौदा रंग. आत्यांनी वर-खाली होऊन सगळे रंग पाहिले. “छान आहे,” त्या म्हणाल्या, “गणपती कुठे बसवायचा?” आता एकच रंग आहे, पिवळट पांढरा. रिमोट सापडत नाही. तो कुठे आहे ते मला माहीत आहे.

बाहेरच्या लोखंडी पायरीवर आम्ही घसरू नये म्हणून खरखरीत काळी पट्टी चिकटवली होती. एका सकाळी पाहिलं तर तिच्यावर ठिपक्यांची रांगोळी. पट्टीच्या खरखरीत पाठीवर ती अशी काही धरली होती की वाऱ्यानेही हलेना. दुपारी गाडीची बॅटरी चार्ज करायला नवऱ्याने इंजिन लावलं, दार ओढलं, पायरी रांगोळीसकट पोटात गेली. संध्याकाळी दार उघडल्यावर बाहेर आली तेव्हा एक ठिपकासुद्धा हललेला नव्हता. ट्रकवाले आजोबा खुर्ची घेऊन आले आणि आत्यांकडून मला एवढंच विचारून घ्यायला सांगितलं, की हा रंग कुठल्या कंपनीचा.

काम झाल्याची बातमी फिरली आणि कोलंबसचं एक मराठी जोडपं बघायला आलं. आत बसले, पोहे खाल्ले, चहा झाला. मग “चला, निघतो” म्हणून उठले आणि खड्ड्यात उतरले. इथे मला पहिल्यांदा कळलं की आपण काय बांधून ठेवलंय. मराठी माणसाच्या गप्पा सोफ्यावर होत नाहीत, त्या दारात होतात. सोफ्यावर नुसती उजळणी असते. आणि आता दारात न दबणारी पायरी, पायाला उबदार फळी, डोळ्यांना न टोचणारा दिवा, वर टेकायला चपलांच्या पेटीचं झाकण. वहिनी सरळ झाकणावर बसल्या. भाऊजी तळाच्या पायपुसण्यावर, हात दाराच्या कडीला, दार सताड उघडं. कोथरूडच्या रिडेव्हलपमेंटमध्ये दिराला किती चौरस फूट मिळाले इथून सुरुवात झाली. आतला एसी तळ्याला गारवा देत होता, तळ्यावरचे डास आत येत होते. मुलीच्या लग्नाचा हॉल झाला, गुडघे झाले, व्हिसाची तारीख झाली. आत्याही वरच्या काठाला येऊन बसल्या, म्हणजे आता आतबाहेर करायला कुणालाच वाट नव्हती.

शेवटी नवरा ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. “बॅटरी बघतो जरा,” म्हणाला, आणि किल्ली फिरवली. इंजिनाच्या आवाजात पाहुणे उतरले, भाऊजींनी बाहेरून दार ढकललं, पायरी घरघरत आत गेली. नवऱ्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात माझ्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. वहिनी टाचा उंचावून उभ्या होत्या, एक हात काचेवर.

“अगं, खाली कर ना काच,” त्या म्हणाल्या. “मुख्य सांगायचं राहिलंच.”